पेन्शनवाले म्हातारे

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण सभा सांगतो, सत्याग्रह सांगतो, पत्रकं सांगतो. महाडचं तळं १९२७, नाशिकचं काळाराम मंदिर १९३०. खरंच आहे ते. पण त्याच्याही मागं चाळीसेक वर्षं गेलं तर एक साधी गोष्ट सापडते, आणि तिच्यावर आपल्या बैठकांत कुणी बोलत नाही. ती म्हणजे पेन्शन. हसू नका गड्यांनो. महिन्याच्या महिन्याला सरकारी तिजोरीतून येणारे थोडके रुपये. त्यांच्यावर आपल्या पहिल्या लिहित्या माणसांचं घर चाललं होतं.

ते समजायला आधी गाव बघावं लागतं. गावात महाराला म्हातारपण नव्हतं. म्हणजे केस पिकत होते, गुडघे जात होते, डोळ्याला अंधारी येत होती. पण कामातून सुटका नव्हती. शास्त्रानं चार आश्रम सांगितले, त्यात वानप्रस्थ सांगितला; पण तो द्विजांना. घर पोरावर सोपवून वनात जायची मुभा त्यांची. आपल्या म्हाताऱ्यानं कुठं जायचं? वेशीवर. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. मयताचा सांगावा पोचव, सारा तालुक्याला ने, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळ, मेलेलं ढोर ओढ. बदल्यात बलुतं, आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर.

माझा आजा तराळकी करायचा. त्याला एकदा विचारलं, तुम्ही काम कधी थांबवलं? तो म्हणाला, “थांबवलं न्हाई लेका, पोरानं काठी घेतली म्हून माझी सुटली.” म्हणजे म्हाताऱ्याची सुटका म्हणजे पोराची वेठ. काठी घरातच राहायची.

इंग्रजानं ही वेठ मोडली असं कुणी सांगितलं तर मानू नका. त्यानं ती कायद्यात बसवली. १८७४ चा वतनाचा कायदा त्याचाच. १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी ह्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा त्यांनी वतनाचं पोट फाडून दाखवलं. महाराची नोकरी चोवीस तासांची. कामावर ज्याचं नाव तो हजर नसला तर सरकार त्याच्या बापाला धरतं. बाप नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला. पुरुषच नसला तर बायामाणसांना. बापाला धरतं हे नीट ध्यानात घ्या. ज्या वयात दुसऱ्यांचा बाप ओसरीवर बसून नातवंडं खेळवतो, त्या वयात आपल्या बापाला पोराच्या बदली वेसकरी करायला ओढून नेत होते. ते बिल शेवटी बाबासाहेबांना मागं घ्यावं लागलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. ते बघायला बाबासाहेब नव्हते. आणि जमिनी नावावर करून घ्यायच्या तर वर सरकारात पैसे भरा!

आता दुसरी बाजू. मुंबई इलाख्याच्या पलटणीत महार होते. पलटणीत शाळा होती, तिथं अक्षर आलं. पण त्याहून मोठी गोष्ट नोकरी संपल्यावर हाती येत होती. अमुक वर्षं भरली की माणूस सुटत होता, आणि सुटल्यावरही पैसा येत होता. पाटलानं बलुतं बंद केलं तर घरची चूल बंद. पण पेन्शन पाटलाच्या हातात नव्हती. गावानं वाळीत टाकलं तरी ती येणारच. आपल्या जातीत म्हातारा माणूस कुणापुढं हात न पसरता बसला आहे, आणि त्याच्यापाशी वेळ आहे, असं पहिल्यांदा घडलं ते इथं.

ह्या वेळेचं त्यांनी काय केलं? गोपाळबाबा वलंगकर बघा. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये पलटणीतून पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. तिथं लष्करातून निघालेल्या आपल्या लोकांची वस्तीच होती. १८८८ ला त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, धर्ममार्तंडांना प्रश्नावर प्रश्न घातले. ‘दीनबंधू’त लिहिलं, मंडळी उभी केली. हे सगळं नोकरी संपल्यानंतरचं. वतनाच्या महाराला दिवसभर राबून हे जमलं असतं का? अक्कल त्याच्यापाशीही होती. दिवस मात्र त्याचा नव्हता.

इंग्रजाला हे रुचलं नसावं, किंवा त्याला गरज उरली नसावी. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची लष्करभरती बंद झाली. आपण तिच्याकडे नोकरी गेली एवढंच म्हणून बघतो. पण आज भरती बंद म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी पेन्शनर बंद. पुढची लिहिती पिढी उगवायच्या आधीच छाटली. वलंगकरांनी १८९४ मध्ये ह्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० च्या अर्जात पुन्हा तेच मागितलं, पोलिसात घ्या, लष्करात घ्या. ते अर्ज वाचताना भाषा फार नरम वाटते, आपल्या पोरांना राग येतो. येऊ द्या. पण ते काय मागत होते तेही बघा.

सुभेदार रामजी सकपाळ ह्याच पेन्शनवाल्यांतले. लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर. निवृत्त झाले, पेन्शन दरमहा ५० रुपये. त्या काळी आपल्या माणसाला ती रक्कम लहान नव्हती. पण चौदा लेकरं झालेलं घर, जगली त्यातली पाच. पेन्शन पुरेना. मग साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपर, पुढं गोरेगावला खजिनदारीचं काम. उतारवयात पुन्हा नोकरी, पोरं एकीकडे आणि बाप दुसरीकडे. घर बघायला आत्या मीराबाई. तिच्या कामाला ना पगार, ना पेन्शन, आणि तिची नोंद आपणही दोन ओळींत उरकतो.

मुंबईत परळच्या एका खोलीत भिमा शिकत होता. म्हातारा रात्री दोनला उठून त्याला अभ्यासाला उठवायचा. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडे जायचा, तिचा दागिना मागून गहाण टाकायचा, आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. सावकाराला भरवसा होता तो ह्याच पेन्शनीचा. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. पोरगा तेव्हा नुकता बडोद्याच्या नोकरीत लागला होता.

पुढं आपली माणसं शहरात आली, गिरणीत लागली. तिथं विणखात्यात प्रवेश नाही, कारण धागा तोंडानं ओढायचा आणि आपल्या तोंडाचा विटाळ! कमी पगाराच्या साचाखात्यात राबायचं. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला १९५२ ला, ग्रॅच्युइटीचा १९७२ ला. पण कायद्याला मस्टरवर नाव लागतं, आणि बदलीवाल्याचं नाव कधी असायचं, कधी नसायचं.

झाडूवाल्यांचा प्रश्न त्याहून अवघड. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. काही पोरं म्हणतात, हे नवं वतनच. बाप सुटला की झाडू पोराच्या हातात. माझ्या आज्याची काठी आठवते, म्हणून मला हे खोडून काढता येत नाही. पण ज्याच्या घरात तेवढीच एक पक्की नोकरी आहे त्याला ती सोड म्हणायला मी जाणार नाही. पोराला शिकवायला पैसा लागतो, आणि तो अशाच नोकरीतून येतो.

आणि आता तीही पक्की राहिली नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. फंडाच्या पेन्शनला १९९५ च्या योजनेत दहा वर्षांची नोकरी दाखवावी लागते. मिळाली तर २०१४ पासून किमान १,००० रुपये. महिन्याला! कचरा उचलणारे कंत्राटी. मुंबईतले २,७०० कामगार कोर्टात भांडले, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन कायम झाले.

आमच्या वस्तीत एक मावशी आहे. साठी केव्हाच उलटली. तीन कंत्राटदार झाले. दर नव्या कंत्राटदाराच्या कागदावर तिची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते. ती पहाटे साडेचारला निघते. मागच्या महिन्यात आम्ही चौघं तिच्या घरी बसलो आणि जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, बिल्ले, फंडाचे नंबर, जे सापडेल ते जुळवायला लागलो. आत्तापर्यंत सात वर्षं आणि चार महिने जुळले आहेत. मधल्या कंत्राटदाराचा कागद अजून मिळालेला नाही.