लैंगिक अत्याचार झाल्यावर: आधी दवाखाना, मग पुढचे

लैंगिक अत्याचार म्हणजे फक्त बलात्कार नव्हे. मर्जीविरुद्ध केलेला लैंगिक स्पर्श, धमकी देऊन करायला लावलेली कृती, हेही त्यातच येते. ओरडली नाही म्हणजे राजी होती, असे समजू नका. भीतीने अंग गोठून जाते. वय 18 पेक्षा कमी असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. 2012 चा पॉक्सो कायदा मुलगी-मुलगा दोघांसाठी आहे. करणारा बऱ्याचदा ओळखीचाच, कधी नात्यातलाही असतो.

घरात काय बोलावे?
"तू तिथे गेलीसच कशाला?" हे अम्मी-अब्बूंनी विचारू नये. हा सवाल ऐकला की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. "तुझी चूक नाही, आम्ही सोबत आहोत," एवढे म्हणा.

दवाखाना
72 तासांच्या आत जा. गर्भ राहू नये आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधे याच वेळेत सुरू व्हावी लागतात. शक्यतो आंघोळ करू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असेल किंवा उशीर झाला असेल, तरीही जाच. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने मोफत उपचार द्यायचेच. आधी एफआयआर आणा, असे सांगता येत नाही. पोलिसांना मात्र दवाखाना कळवतो.

पोलीस
कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' होते, प्रत मोफत मिळते. बाईचा जबाब महिला अधिकारी घेते. मुलांचा जबाब घरीही घेता येतो, तेव्हा पोलीस वर्दीत नसतात. पीडितेचे नाव छापणे किंवा पसरवणे गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकू नका.

समझोता नको
मुलावर अत्याचार झाल्याचे माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही पॉक्सोखाली गुन्हा आहे. मोहल्ल्यात चार मोठ्यांनी बसून प्रकरण मिटवले तरी कायद्यापुढे ते मिटत नाही. आणि तो माणूस दुसऱ्या मुलांमध्ये मोकळा फिरत राहतो.

हे नंबर लिहून ठेवा
पोलीस 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, मोफत वकिलासाठी 15100. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता आसरा मिळतो. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा.

खानदानाच्या इज्जतीसाठी लेकराला गप्प बसवू नका. शरम गुन्हा करणाऱ्याला वाटली पाहिजे.