पांढऱ्या भुकटीची कहाणी

विहिरीच्या पाण्याला उग्र वास आला की घरोघरी कुरकुर सुरू होते, "आज पुन्हा टीसीएल टाकलंय वाटतं!" ही टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला म्हणजे ती तयार होते. 1799 साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी तिचे पेटंट घेतले, ते कापड पांढरे करण्यासाठी. पण तिचा खरा पराक्रम पुढे एका इस्पितळात दिसला.

व्हिएन्नाच्या त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर नि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. आता गंमत पाहा, डॉक्टरांच्या विभागातच बाळंतज्वराने जास्त बायका दगावत. 'आम्हांला तिकडे नका नेऊ' म्हणून त्या विनवण्या करीत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला चैन पडेना. 1847 च्या मार्चमध्ये त्याचा एक स्नेही शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारला, आणि लक्षणे तीच! डॉक्टर मंडळी प्रेते तपासून तशीच बाळंतिणींकडे येत. साबणाने धुऊनही हातांचा वास जात नसे. सेमेलवाइसने मे महिन्यात नियम केला, क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला शिवायचे नाही. पुढे स्वस्त म्हणून हीच भुकटी पाण्यात कालवू लागले. एप्रिलमध्ये शंभरी अठरा बायका मरत होत्या, जूनमध्ये जेमतेम दोन!

तरीही कित्येक बड्या डॉक्टरांना हे पटले नाही. आपल्याच हातांनी मरण येते, हे कबूल कोण करणार? रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, आणि सेमेलवाइसनेही आपला ग्रंथ 1861 पर्यंत काढला नाही. 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. पाश्चर आणि लिस्टर यांच्या कार्यानंतर त्याचे म्हणणे जगाला पटले.

तीच भुकटी आज आपल्या विहिरीत पडते. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पुरते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर पाणी भरू नये. भुकटी कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवावी. ऊन नि ओल लागली की तिचा जोर जातो.

गुरुजींनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. म्हणजे पाण्याला वास आला तर घरी कुरकुर होणार नाही. उलट, पावसाळ्यात वास आला नाही तर मुलंच विचारतील, "आज टीसीएल का नाही टाकली?"