कहव्याचा दांडा

घरासाठी दांड्याचे एस्प्रेसो यंत्र घ्यायचे म्हटल्यावर सेनगावातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला विचारले, ‘हे साहेबी पेय आपल्या घरात कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर इतिहासात आहे.

पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कहवा पीत. १५११ साली मक्केत त्यावर बंदी आली, ती टिकली नाही. हजहून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असे परंपरा सांगते.

यंत्र मात्र इटलीचे. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबाचे यंत्र काढले, पण त्यात कॉफी करपट व्हायची. १९४७ साली अकिले गाज्जा यांनी दांडा आणि स्प्रिंग यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. गरम पाणी हवेच्या सुमारे नऊपट दाबाने पुडीतून जाऊ लागले, कपात सोनेरी फेस आला. १९६१ साली ला पावोनी कंपनीने दांड्याचे घरगुती यंत्र आणले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात मिळणारी ‘एस्प्रेसो’ म्हणजे वाफेने फेसाळलेले दूध आणि तयार पूड.

आम्ही बॉयलर नसलेले, केवळ हाताने दाबायचे यंत्र निवडले आहे. वीज गेली तरी गॅसवर पाणी उकळते. पहिला कप त्या वडीलधाऱ्यांनाच देणार आहोत.