बागेच्या धंद्यातली उमेदवारी



इतिहासावर बोला, असे चालकांनी मला सांगितले, तेव्हाच मी त्यांना म्हटले की, माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झालेले आहे. पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. विषयही माझा नाही. तो आमच्या मोरा बंदरावरच्या एका मुलीने दिला. बारावी झाल्यावर ती घरी म्हणाली, “मला लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचंय.” तिचा बाप भाऊच्या धक्क्याच्या लाँचवर उभी हयात काढलेला माणूस. तो माझ्याकडे आला नि म्हणाला, “दादा, माळी व्हायला सात वर्षं शिकायचं म्हणजे काय?”

प्रश्न रास्त होता. बारावीनंतर ‘नाटा’ची परीक्षा, पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी, मग दिल्ली, अहमदाबाद किंवा पुणे येथे दोन वर्षांचा वरचा अभ्यासक्रम, हिशेब सातच वर्षांचा होतो. आणि काम कोणते? तर घर सोडून जी मोकळी जमीन उरते, तिचा चढउतार, तिच्यावरचे पाणी, माती, झाडे आणि वाटा यांचा आराखडा करायचा. त्या बापाला उत्तर द्यावे म्हणून मी या धंद्याचे मूळ शोधू लागलो, आणि मला मौज वाटली. ज्यांनी हा धंदा उभा केला, त्यांच्यापाशी ही पदवी नव्हतीच!

इंग्लंडात लिव्हरपूलसमोर बर्केनहेड म्हणून गाव आहे. तेथे १८४७ साली सार्वजनिक पैशाने बाग उघडली. तिचा आराखडा करणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात बागेतला उमेदवार. १८५० साली एक अमेरिकन तरुण पायी फिरत तेथे आला. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड त्याचे नाव. जन्म १८२२ चा. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याचे कॉलेज हुकले होते. खलाशी म्हणून तो चीनपर्यंत जाऊन आला होता. नंतर शेती करून पाहिली, त्यातही बरकत नव्हती. आपल्याकडे अशा मुलाला वाया गेला म्हणतात. पण बर्केनहेडला त्याने पाहिले की, बागेत गरीबही श्रीमंताइतक्याच हक्काने बसतो. ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे वार्ताहर होऊन त्याने अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या मळ्यांवर प्रवास केला आणि वेठीचे काम कसे निकस होते हे लिहून ठेवले. आम्हा कामगारांच्या माणसांना तो आपला वाटावा, असा हा भाग आहे.

१८५७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर त्याला देखरेखीची जागा मिळाली. जागा म्हणजे चिखल, खडक आणि दलदल. चांगले कपडे घालून हजर झालेल्या या नव्या साहेबाला मुकादमाने मुद्दाम त्या चिखलातून फिरवले, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. मुकादम कुठलाही असो, नवख्याची परीक्षा अशीच घेतो. मी गोदीत पाहिले आहे! त्या वर्षी मंदी आली होती. बेकार झालेले लोक बागेवर काम द्या म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्याच माणसांना हाताशी घेऊन ओल्मस्टेड काम शिकला. कॅल्व्हर्ट वॉक्स नावाचा लंडनमध्ये शिकलेला वास्तुकार त्याला भागीदार मिळाला. दोघांनी मिळून केलेल्या आराखड्याने १८५८ साली ३३ आराखड्यांत पहिला नंबर पटकावला. शहरातून आडवे जाणारे चार रस्ते त्यांनी बागेच्या पातळीखाली दडवले, म्हणजे गाड्यांची वर्दळ फिरणाऱ्याच्या नजरेला येऊ नये. पुढच्याच वर्षी साडेतीन हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. बाग पाहणाऱ्याला ओल्मस्टेडचे नाव सांगतात. त्या मजुरांची नावे कोण सांगतो?

पण याच बागेची दुसरी बाजू आहे, आणि उरणच्या माणसाने ती नीट ऐकावी. ती जमीन मोकळी नव्हती. सुमारे सोळाशे माणसे तेथे राहत होती. त्यांत सेनेका व्हिलेज ही सव्वादोनशे वस्तीची वाडी होती. काळ्या लोकांनी १८२५ पासून तुकडा तुकडा विकत घेऊन ती वसवली होती. तेथे तीन चर्च होती, शाळा होती. सरकारने संपादनाचा कायदा लावला आणि १८५७ साली सगळे उठवले. नुकसानभरपाई दिली. परंतु काळ्या माणसाला मत द्यायचे तर त्याच्या नावावर अडीचशे डॉलरची मिळकत हवी, असा त्या राज्याचा नियम होता. गोऱ्याला अशी अट नव्हती. म्हणजे ज्याची जमीन गेली, त्याचे मतही जाण्याचा धोका होता. भरपाईच्या कागदावर या गोष्टीला रकाना नसतो.

आपल्याकडे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच माणसे गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. आज त्या जमिनींवर उद्याने आहेत, हिरवळी आहेत, रस्त्याच्या मधोमध फुलझाडे आहेत. हे सारे आखणारे हुशार होते, यात शंका नाही. माझे म्हणणे इतकेच की, त्या हिरवळीखाली खाचरे होती.

बडोद्याचा दाखला देतो, कारण तो मराठी दरबारातला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली क्रुंबिगेल नावाच्या जर्मन माणसाला बागांसाठी आणले. तोही माळीकामातून वर आलेला. ड्रेस्डेनजवळ उमेदवारी, मग लंडनच्या हाइड पार्कात फुलांचे वाफे, मग क्यूची बाग. पुढे १९०८ साली तो बंगळूरला गेला. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा, अशी झाडे त्याने रस्त्यांवर लावली. ही युक्ती हात मातीत घातल्याखेरीज सुचत नाही.

असे असता आज वाट अशी आहे की, माळ्याच्या मुलाने माळीच व्हावे आणि आराखडा दुसऱ्याने करावा. पदवी नको असे मी म्हणणार नाही. पाण्याचा हिशेब, माती तपासणे, नकाशा काढणे हे शिकावेच लागते. पण सात वर्षांत फावडे हातात किती दिवस येते, हे कुणी विचारावे.

म्हणून मी त्या बापाला घेऊन पोरीच्या आजोळी, खारीवर गेलो. पोरगी बरोबर होतीच. तिच्या आजाने तिला बांधावर उभे केले. “समुद्र अडवायचा नाही, त्याला ताटकळत ठेवायचा,” तो म्हणाला. भरतीला उघाडीची फळी आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. नवा बांध घातला की काही पावसाळे मीठ धुऊन जाण्याची वाट पाहायची, मग भात. मातीचा बांध खेकड्यांनी पोखरला की पहिली फट कुठे पडते, हेही त्याने बोटाने दाखवले.

पोरीने वही काढली. आजा थांबला. “लिहितेस काय? खाली उतर, हात घाल,” तो म्हणाला. ती चपला काढून चिखलात उतरली. बाप वर बांधावर चपला धरून उभा होता. जाताना त्याने मला एवढेच विचारले, “दादा, फी हप्त्याने भरता येते का?”