घारापुरीचे खांब, इंग्लंडचा ओढा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात सीझिनकोट नावाची एक हवेली आहे. तिच्या बागेत ओढ्यावर छोटा पूल आहे आणि त्याच्या कठड्यावर नंदी बसलेत. पुलाखाली गेलं की आखूड, जाडजूड खांब दिसतात. घारापुरीची लेणी पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील, कारण ते तिथल्याच खांबांवर बेतलेले आहेत.

मुंबईजवळच्या बेटावरून यातला एकही दगड जहाजात चढला नव्हता. खांब गेले ते कागदावरून.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे चित्रकार १७८६मध्ये कलकत्त्यात उतरले. पुढची सात वर्षं ते देशभर चित्रं काढत हिंडले. १७९३मध्ये मुंबईत त्यांना जेम्स वेल्स भेटला. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा तो हाच वेल्स. त्याने दोघांना घारापुरी, कान्हेरी आणि कार्ल्याची लेणी दाखवली. इंग्लंडला परतल्यावर काका-पुतण्यांनी भारतातल्या दृश्यांची १४४ चित्रं छापली. इंग्रजांच्या मनातला भारत बराचसा त्यातून घडला.

ही चित्रं दगडात उतरवण्याइतका पैसा चार्ल्स कॉकरेलकडे होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याने कलकत्त्यात तो कमावला. कंपनीतून गबर होऊन परतलेल्यांना इंग्लंडमध्ये हिणवून ‘नेबॉब’ म्हणत. हे आपल्या ‘नवाब’चंच रूप. त्यामुळे असे बरेच जण घर मात्र खानदानी इंग्रजांसारखंच बांधत. रॉबर्ट क्लाइव्हनेही क्लेअरमाँटला पुढे भव्य खांब असलेली, युरोपीय धाटणीचीच हवेली उभारली. कॉकरेलने उलट केलं. १८०५च्या सुमारास त्याच्या वास्तुविशारद भावाने, सॅम्युएल पेपिस कॉकरेलने, हवेलीवर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट चढवला आणि भिंतींना छज्जे काढले. बागेतल्या वास्तू थॉमस डॅनियलने आखल्या. झऱ्याच्या उगमाशी सूर्याचं लहानसं देऊळ, खाली बुंध्याला वेटोळं घातलेला नाग आणि नंदीचा पूल. सूर्याची मूर्ती पाथरवटाने घडवलेली नाही. ती ‘कोड स्टोन’ची, म्हणजे लंडनच्या कारखान्यात भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाची.

हवेलीच्या आत गेलं की मात्र सजावट सगळी युरोपीय. भारत दारापर्यंतच.

डॅनियलने टिंगल केलेली नाही, हे मान्य करायला हवं. त्याने लेणी डोळ्यांनी पाहिली होती, निगुतीने रेखाटली होती. तरी कागदावर आकार तेवढा येतो. नंदी शंकराच्या देवळात पिंडीकडे तोंड करून बसतो. इथे तो पुलाच्या कठड्यावर बसलाय. सूर्याला कोणी अर्घ्य देत नाही. आणि ज्या मुलखाच्या पैशावर हे सारं उभं राहिलं, तिथल्या माणसांची बागेत खूणही नाही. देव शोभेला घेता येतात. माणसं घेतली की हिशेब निघतो.

१८०७मध्ये इंग्लंडचा युवराज हे घर पाहून गेला. पुढे ब्रायटनला त्याच्या राजवाड्यावर असेच घुमट चढले. भारतीय आकार ही राजेशाही हौस झाली. त्याच काळात इकडे पेशवाई बुडाली.

घारापुरीचा खांब कोणी बाहेरून आणून उभा केलेला नाही. डोंगर कोरताना जो भाग राखला, तोच खांब झाला. त्याच्या डोक्यावर अजून डोंगर आहे. सीझिनकोटच्या खांबांवर फक्त एक पूल आहे, त्यावरून फेरफटका मारणाऱ्यांसाठी.