एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून छापायला घेतला. पुढच्याच वर्षी वि. का. राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यातली पानिपतच्या काळातली पत्रे त्यांना वाईत मिळाली होती. साताऱ्यात द. ब. पारसनिसांनी जन्मभर कागद आणि चित्रे जमवली. तो संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मोडणाऱ्या मुलखाने मराठी इतिहासाला जे दिले, ते बरेचसे घराघरांतल्या रुमालांतून दिले. जे रुमाल वेळेवर सोडले गेले, त्यांतले कागद राहिले. बाकीचे वाळवीने, ओलीने आणि रद्दीवाल्याने नेले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या घरांतले दप्तर जागा बदलू लागले. पत्रव्यवहार, सोसायटीचे ठराव, लग्नाच्या याद्या, प्रबंध, कवितांची हस्तलिखिते आणि पुढे फोटो संगणकाच्या हार्ड डिस्कवर गेले. या नव्या दप्तराला वाळवी लागत नाही; पण त्याचा एक वैरी आहे आणि तो घरात बोलावूनच आणला जातो. त्याचे नाव ‘फॉरमॅट’. हा वैरी घरात शिरायच्या वाटा अनेक. त्यांतली एक या लेखाचा विषय आहे: एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदवण्याचा, म्हणजे ‘ड्युअल बूट’चा, फसलेला प्रयोग.

दोन बिऱ्हाडांची गरज

एका संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही कशाला, असा प्रश्न पडेल. मराठी घरात त्याला एक खास कारण होते. नव्वदच्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टांत टाइप होई. फाइलमध्ये अक्षर मराठी नसे. रोमन चिन्हांच्या जागी फॉन्ट देवनागरी आकार दाखवी. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की अगम्य खिचडी दिसे. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली, पण सवयी आणि जुन्या फाइली फॉन्टांतच राहिल्या. साहजिकच मराठी लिहिणारा माणूस विंडोजला बांधला गेला.

त्याच घरातले मूल अभियांत्रिकीला गेले की त्याला लिनक्स हवे असे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी १९६०चे. वालचंदमध्ये पुढे विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स गटही उभा राहिला. लिनक्स मिळवायला मुंबई-पुण्याला जावे लागत नव्हते. ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांबरोबर सीडी येत. २००४ मध्ये उबुंटू निघाल्यावर तिच्या सीडी मागणी नोंदवली की टपालाने फुकट घरपोच येत. ती सोय २०११ पर्यंत चालली. संगणक मात्र घरात एकच. तेव्हा वडिलांची श्रीलिपी आणि मुलाचे लिनक्स एकाच डिस्कवर राहणार, हे ठरलेलेच होते.

वाटणी आणि दार

ही सोय मुळात आयबीएमने ठेवलेली. १९८३च्या मार्चमध्ये आलेल्या पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तिच्या पहिल्याच ५१२ बाइटांत सारा कारभार बसवला होता: ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांना, ६४ बाइट वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेच्या सहीला. तक्त्यात चारच नोंदी मावत. एका डिस्कवर निरनिराळ्या कार्यप्रणाली राहाव्यात, हा तिचा एक हेतू होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कृष्णा जागची हलली नाही, शेते हलली नाहीत. बदलले ते दफ्तरातले पान. डिस्कची वाटणीही तशीच. तक्ता बिघडला किंवा पुसला गेला, तरी मजकूर जिथल्या तिथे असतो. फक्त तो कोणत्या गटात मोडतो हे सांगणारी नोंद हरवते. टेस्टडिस्कसारखी मोफत साधने ती हद्द पुन्हा शोधून देतात, ती याच आधारावर.

वाटणीत मात्र एक उणीव राहिली. खोल्या चार, पण दिंडी दरवाजा एकच. त्या ४४६ बाइटांत एकाच्याच सूचना मावतात. सगळे भांडण त्यावरून झाले.

पहिला अपघात

लिनक्सच्या जन्मातच अशा अपघाताचा हात आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनुस तोरवाल्ड्स १९९१ मध्ये आपल्या ३८६ संगणकावर मिनिक्स ही प्रणाली वापरत होता आणि तिच्या शेजारी स्वतःची प्रणाली बांधत होता. मोडेमला डायल करण्याचा हुकूम एकदा चुकून हार्ड डिस्ककडे गेला आणि मिनिक्सचे पार्टिशन बिघडले. मिनिक्स पुन्हा बसवायचे, की आपली प्रणाली स्वतःच्या पायांवर उभी करायची, असा पेच पडला. त्याने दुसरा मार्ग धरला. एका बिऱ्हाडाची पडझड झाली म्हणून दुसरे लवकर सज्ञान झाले.

पडद्यावरचे शिलालेख

इतिहासाचा अभ्यासक अक्षराच्या वळणावरून लेखाचा काळ ओळखतो. ड्युअल बूटच्या बिघाडाचा काळ पडद्यावरच्या संदेशावरून तसाच ओळखता येतो.

काळ्या पडद्यावर ‘एल आय’ एवढीच दोन अक्षरे उमटून यंत्र थांबले, तर तो नव्वदचा काळ. त्या वेळचा द्वारपाल ‘लिलो’ आपल्या नावाची चार अक्षरे टप्प्याटप्प्याने उमटवी. ‘एल आय’वर थांबला म्हणजे पुढचा टप्पा डिस्कवरून उचलला, पण तो चालवता आला नाही. त्या काळी बीआयओएसला १०२४ सिलिंडरांच्या, म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाइटच्या, पलीकडचे दिसत नसे. लिनक्सचे बिऱ्हाड डिस्कच्या मागच्या अंगणात बसवले, की द्वारपालाला ते सापडत नसे.

‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा विंडोज एनटी ते एक्सपी या वंशाचा लेख. एक्सपीच्या काळात घरोघरी झालेला प्रसंग मात्र याच्या उलटा होता. विंडोज मंदावली म्हणून ती पुन्हा बसवली जाई. विंडोजचा इन्स्टॉलर शेजारी कोण आहे हे न विचारता दरवाज्यावर आपली पाटी लावी आणि लिनक्स ‘गेले’ असे वाटे. ते गेलेले नसे. सीडीवरून लिनक्स चालू करून द्वारपाल पुन्हा बसवला, की आत सगळे जसेच्या तसे असे.

‘ग्रब रेस्क्यू’ हा लेख २००९ नंतरचा, ग्रबच्या दुसऱ्या पिढीचा. त्याची सर्वसाधारण कथा अशी: लिनक्स नको झाले म्हणून कोणी विंडोजमधून त्याचे पार्टिशन काढून टाकी. द्वारपालाचा एक पाय दरवाज्यात आणि बाकीचा देह त्या काढलेल्या खोलीत असे. पुढच्या वेळी संगणक सुरू केला की लिनक्सही नाही आणि विंडोजही नाही. तरी विंडोजची खोली शाबूतच असे. एक्सपीच्या सीडीतली ‘फिक्सएमबीआर’ ही एक आज्ञा, किंवा नंतरच्या विंडोजमधली तशीच सोय, दरवाजा परत लावून देई.

या तिन्ही लेखांचा अर्थ एकच आहे. दप्तर आत आहे. आत जायची वाट मोडली आहे.

साडेपाच तासांचा फरक

एक बिघाड मात्र आपल्या भूगोलाचा आहे. संगणकाच्या मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असे मानते. लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ ठेवू पाहते. लंडनच्या हिवाळ्यात दोन्ही सारख्याच, म्हणून तिथे हा घोटाळा दिसतही नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत मात्र लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. बॅटरी संपली असावी, या समजुतीने ती बदलली तरी घड्याळ तसेच. औषध एका ओळीचे: दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत पाळायला सांगणे.

दिंडीवरचा पहारा

आतापर्यंतचे बिघाड बेपर्वाईचे होते. दरवाज्याला बाजारातली किंमत आहे, हे १९९८च्या सुमारास दिसले. बी इंक या अमेरिकी कंपनीची बीओएस ही प्रणाली जपानच्या हिताचीने आपल्या काही संगणकांवर विंडोजच्या जोडीने घातली. पण सुरुवातीच्या पडद्यावर तिचे नाव येत नव्हते. ग्राहकाला ती खटपट करून उघडावी लागे. विंडोजचा परवाना घेणाऱ्या उत्पादकांवर दरवाज्यात दुसऱ्याची पाटी न लावण्याची अट असते, असा बीचा आरोप होता. २००२ मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये तडजोड झाली. कोणतीही चूक कबूल न करता मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले. तोवर बीची मालमत्ता विकली गेली होती. आत प्रशस्त खोली आणि दारावर नाव नाही, अशा बिऱ्हाडाकडे पाहुणा येत नाही.

पुढे दरवाजाच बदलला. यूईएफआय या नव्या रचनेत ५१२ बाइटांची अडचण संपली. एका छोट्या सामाईक पार्टिशनमध्ये प्रत्येक प्रणालीला आपापला द्वारपाल ठेवता येऊ लागला. भांडण मिटायला हवे होते. पण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ आले: सही तपासल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही. हेतू रास्त होता, कारण दरवाज्यातून शिरणारे व्हायरस खरेच होते. सहीचा शिक्का मात्र मायक्रोसॉफ्टच्या हाती. लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा छोटा मध्यस्थ त्याच शिक्क्याने मंजूर करून घेतला आणि वाट काढली.

१३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या विंडोजच्या सुरक्षा-अद्ययावतीने जुन्या, सदोष द्वारपालांना बाद ठरवले. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना ती लागू होणार नव्हती, पण ओळख चुकली आणि जगभर अनेक यंत्रांवर लिनक्सचे दार बंद झाले. ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे शब्द पडद्यावर येऊन यंत्र बंद पडे. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समधून ते धोरण पुसून पुन्हा चालू करणे, हा उपाय होता. या वेळीही आतला एक कागद हललेला नव्हता.

दुरुस्तीची रीत

इतिहासाने शिकवलेली रीत साधी आहे. संदेश शब्दशः उतरून घ्यावा किंवा त्याचा फोटो काढावा. पुसला गेलेला पुरावा परत मिळत नाही. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आतल्या फाइली दिसतात का पाहावे आणि दिसल्या तर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्या. दरवाजा त्यानंतर. नव्या यंत्रांत पुष्कळदा द्वारपालांचा क्रमच बदललेला असतो. तो फर्मवेअरच्या यादीत वर घेतला की काम होते. लिनक्सच्या यादीत विंडोजच दिसत नसेल, तर २०२१च्या ग्रब २.०६ पासून शेजाऱ्याचा शोध आपोआप घेणे बंद केले आहे, हे आठवावे. एक प्रणाली जुन्या पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने बसवली असेल, तर ग्रबच्या यादीतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. विंडोज ८ पासूनचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे; ते चालू असता विंडोज पुरती झोपत नाही आणि तिच्या खोलीत लिनक्सला लिहू देत नाही.

खऱ्या धोक्याच्या जागा तीनच. पार्टिशन लहानमोठे करताना वीज जाणे. भारनियमन भोगलेल्या जिल्ह्यांना हे सांगायला नको. दुसरी बिटलॉकर: नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद असते आणि सिक्युअर बूटला हात लावताच ती ४८ अंकी किल्ली मागते. ती हाताशी नसेल तर दप्तर असून नसल्यासारखे. तिसरी आणि सर्वांत सोपी जागा म्हणजे फॉरमॅट. जुन्या फिरत्या डिस्कवर झटपट फॉरमॅटनंतरही पुष्कळ काही परत मिळे. आजच्या एसएसडीवर मोकळी झालेली जागा ती स्वतःच लवकर साफ करून टाकते. पूर्वी चुकीला मुदत होती, आता नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक चांगले संगणक आता लिनक्सकडे वळत आहेत. जुने मोडायचे नाही आणि नवे हवे, म्हणून पुष्कळजण पुन्हा दोन बिऱ्हाडे थाटतील. त्यांतली काही बिघडतील. अशा वेळी दुकानात ‘फॉरमॅट करून देतो’ हे उत्तर स्वस्त असते, कारण काय गेले याची यादी कोणी करत नाही. खरे आणि राजवाडे यांना जुन्या घरांत कागद मिळाले, ते कोणीतरी रुमाल निदान फेकले नव्हते म्हणून. १९९५ ते २०१० या काळातल्या सातारा-सांगलीच्या मराठी घरांचा इतिहास उद्या लिहायचा झाला, तर त्याची साधने माळ्यावरच्या बंद पडलेल्या संगणकांत आहेत, श्रीलिपीच्या आणि आकृतीच्या अक्षरांत. पडद्यावर काहीही येवो, ती डिस्क आधी वाचून पाहावी.