जाळ्याचें शिसें

धामणगांव रेल्वे हें नांव घेतलें कीं कापसाचे ढीग, सरकीचा वास आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग डोळ्यांपुढें उभे राहतात. 1867 सालीं हा मार्ग नागपुरास पोंचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे वाहूं लागला. परंतु या गांवाच्या पूर्वेस कांहीं कोसांवर वर्धा नदी आहे, आणि तिच्या कांठीं भोई-ढीवरांचा मासेमारीचा उद्योग रेल्वेच्या कितीतरी आधींपासून चालत आलेला आहे. त्या उद्योगांतील मासा सर्वांना ठाऊक असतो, जाळेंही ठाऊक असतें. जाळ्याच्या कांठाला ओंवलेल्या इवल्याशा वजनांकडे मात्र कोणी पाहत नाहीं.

फेकजाळें, कोंकणांत ज्याला पाग म्हणतात तें, हवेंत छत्रीसारखें उघडून पाण्यावर पडतें. तें पडतांच मासा बिचकतो, आणि तो निसटण्यापूर्वीं जाळ्याचा घेर तळाला टेकावा लागतो. सारा खेळ या कांहीं क्षणांचा आहे. सुताचें जाळें आपण होऊन इतक्या त्वरेनें बुडत नाहीं. म्हणून कांठाला वजन हवें. भाजलेली माती पाण्याच्या सुमारें दुप्पट जड, लोखंड पावणेआठ पट, तर शिसें सव्वाअकरा पटींहून कांहींसें अधिक. पाण्यांत गेल्यावर मातीच्या मण्याचें जवळजवळ निम्में वजन हरपतें, शिशाचें एक दशांशही हरपत नाहीं. लहानशा गोळींत एवढा भार दुसऱ्या कोणत्याही स्वस्त पदार्थांत सांपडत नाहीं.

तरीसुद्धां आरंभ मातीनेंच झाला. सिंधु संस्कृतीच्या ठाण्यांवर भाजलेल्या मातीचीं जाळ्याचीं वजनें सांपडलीं आहेत, आणि मोहेंजोदडो व हडप्पा येथें तांब्याचे गळही मिळाले आहेत. इकडे महाराष्ट्रांत इनामगांवच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तींत माशांचीं हाडें आढळलीं; तेव्हां घोड नदीचे मासे त्या लोकांच्या जेवणांत होते यांत शंका नाहीं. शिसें जाळ्याला लागलें तें कोठें आणि केव्हां, याचा एकच एक दिवस दाखवितां येणार नाहीं. ग्रीकांच्या 'इलियड' काव्यांत मात्र गळाच्या दोरीला लावलेल्या शिशाची उपमा आलेली आहे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या कांठीं ही युक्ति फार जुनी होय.

दख्खनमध्यें शिसें प्रथम डोळ्यांत भरतें तें नाण्यांच्या रूपानें. सातवाहन राजांनीं शिशाचीं नाणीं पाडलीं, तशींच तांबें, कथील आणि शिसें यांच्या मिश्रणाचीं, ज्याला पोटीन म्हणतात त्याचींही पाडलीं. 1939 सालीं तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळा गांवीं अशा पोटीन नाण्यांचा हजाराहून मोठा सांठा निघाला. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला, आणि पुराणांच्या यादींत नसलेल्या कांहीं राजांचीं नांवें त्यांतून उजेडांत आलीं. धामणगांवाच्या उत्तरेस वर्धेच्याच कांठीं कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचें माहेर म्हणून यात्रेकरू तेथें जातात. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं 1962 नंतर तेथें उत्खनन केलें तेव्हां त्या प्राचीन काळची वस्तीही हातीं लागली. हें शिसें येई कोठून? रोमन लेखक प्लिनी सांगतो कीं हिंदुस्थानांत तांबें नाहीं, शिसें नाहीं. तेथील लोक रत्नें आणि मोतीं देऊन तीं घेतात. हें सर्वस्वी खरें नव्हे, कारण राजस्थानांत जावर येथें फार प्राचीन खाणी आहेत. परंतु भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादींत शिसें होतें, हें 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथावरून स्पष्ट दिसतें. असा परदेशी माल गरिबाच्या जाळ्याला सहज मिळत असेल असें मानणें कठीण आहे.

ग्रंथकारांनींही जाळ्याची फारशी विचारपूस केली नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील, सुमारें 1130 सालच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोद आहे. माशांच्या जाती आणि त्यांना चारावयाचें खाद्य यांचें त्यांत वर्णन आहे. राजाच्या गळाला ग्रंथांत जागा मिळाली, भोयाच्या जाळ्याला मिळाली नाहीं.

शिसें घरोघरीं पोंचलें तें यंत्रयुगाच्या मोडींतून. आगगाडीच्या मालडब्यांच्या दारांना लावलेल्या शिशाच्या मोहरा, छापखान्याचे झिजलेले खिळे, पाण्याचे जुने नळ, पुढें मोटारींच्या निकामी बॅटऱ्या: ही सारी मोड वितळवावयास लोहाराचा भाता लागत नाहीं. शिसें 327 अंशांवर पातळ होतें; घरची चूल पुरते. कढल्यांत किंवा डब्यांत तें वितळवावयाचें, वर आलेला मळ काढावयाचा, आणि दगडाच्या अगर मातीच्या सांच्यांत ओतावयाचें. सांच्याला आधीं दिव्याची काजळी धरली म्हणजे धातु सर्व कोपऱ्यांत नीट पोंचतो. सांचा पूर्ण कोरडा असला पाहिजे. ओलाव्याचा थेंब राहिला तर त्याची क्षणांत वाफ होऊन तप्त शिसें तोंडावर उडतें. याहून सोपी रीत म्हणजे पत्र्याची पट्टी कापून दोरीभोवतीं वळावयाची आणि हातोडीनें ठोकावयाची. तिला आंच मुळींच लागत नाहीं.

पाश्चात्य शिकाऱ्यांनीं यांत रंगाची भर घातली. अमेरिकेंत ब्यूल यानें 1852 सालीं चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचें पेटंट घेतलें. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरचा ग्रंथ 1873 सालीं निघाला. शिशाचें डोकें ओतून त्यावर तांबडा-पांढरा रंग चढविण्याची हौस नंतर जगभर पसरली. गंमत अशी कीं ते जुने रंगही शिशाचेच. शिसें हवेंत तापवीत ठेवलें कीं मुर्दाडशिंग होतें, तेंच बेताच्या आंचेवर पुढें भाजलें कीं शेंदूर होतो, आणि पांढरा सफेता हेंही शिशाचेंच अपत्य. उलट, मुलांच्या शिसपेनींत शिशाचा कणही नसतो!

जो सोपेपणा शिशाला चुलीपर्यंत घेऊन आला, त्याच्या पाठोपाठ विषही आलें. शिशाचें काम करणाऱ्यांची कांति फिकी पडते, हें रोमन वास्तुकार विट्रूव्हियस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. वितळवितांना उठणारी राख व धूळ भांड्यांवर, हातांवर आणि जमिनीवर बसते. रांगतें मूल ती तोंडांत घालतें, आणि त्याच्या वाढत्या मेंदूला थोडें शिसेंही बाधतें. बॅटरीच्या मोडींत त्याशिवाय आम्लही असतें. इंग्लंडांत हंस मरूं लागले तेव्हां शोध झाला. खडे समजून त्यांनीं गळाचीं वजनें गिळलेलीं आढळलीं, आणि 1987 च्या आरंभापासून तेथें अशा लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. भारतांत 2000 सालीं पेट्रोलमधून शिसें गेलें, आणि 2016 च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाला दशलक्षांत 90 भागांची मर्यादा घातली. जाळ्याच्या गोळीची गोष्ट वेगळी; ती कारखान्यांत नव्हे, अंगणांत ओतली जाते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जुनीं जाळीं सुताचीं अगर सणाचीं असत. सालींच्या काढ्यांत रंगवून तीं टिकवावीं लागत, आणि लोखंड बांधलें तर त्याचा गंज सूत खाऊन टाकी. न गंजणारें शिसें त्या जाळ्याला म्हणूनच मानवलें. नायलॉनचा शोध 1935 सालीं लागला, आणि पुढें त्याच्या जाळ्यांनीं सुताचीं जाळीं हटविलीं. नायलॉन गंजानें कुजत नाहीं. मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धेवर अप्पर वर्धा धरण झालें, तें नायलॉनच्याच युगांत. अशा जाळ्याच्या कांठाला लोखंडी कडीही चालते. फक्त ती शिशाहून आकारानें मोठी घ्यावी लागते.